कावागोए : एका दिवसाची कौटुंबिक सहल आणि ऐतिहासिक वस्तीच्या जतनाचा प्रश्न

बीजसंज्ञा : कावागोए, कुराझुकुरी, ऐतिहासिक वस्ती, वारसा-जतन, कौटुंबिक पर्यटन, लोकसहभाग

प्रस्तावना

पर्यटनाचा विचार करताना सामान्यतः दूरचे प्रवास, मोठी स्मारके आणि परकीय चलन यांचाच विचार अधिक होतो. सुट्टीच्या दिवशी आजी-आजोबा, आई-वडील व मुले यांनी मिळून जवळच्या एखाद्या जुन्या गावात जाणे आणि संध्याकाळी घरी परतणे हा पर्यटनाचा प्रकार मात्र अभ्यासाच्या दृष्टीने काहीसा उपेक्षित राहिला आहे. वास्तविक एखाद्या समाजाचा आपल्या भूतकाळाशी असलेला नित्याचा संबंध अशा छोट्या सहलींतूनच अधिक स्पष्टपणे दिसतो. राजवाडा किंवा मंदिर पाहताना पाहणारा आणि पाहिली जाणारी वास्तू यांत अंतर असते. जुन्या वस्तीत फिरताना हे अंतर उरत नाही, कारण तेथे लोक राहत असतात, दुकाने चालत असतात आणि पाहुण्यांनाही त्याच रस्त्यावरून चालावे लागते.

जपानमधील साइतामा प्रांतातील कावागोए हे शहर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. टोकियोच्या मध्यभागापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील हे शहर ‘को-एदो’ म्हणजे ‘छोटे एदो’ या नावाने प्रसिद्ध आहे. टोकियोतील इकेबुकुरो स्थानकातून जलद गाडीने सुमारे अर्ध्या तासात तेथे पोहोचता येते. त्यामुळे येथे येणारे बहुसंख्य पर्यटक सकाळी येऊन त्याच दिवशी परततात. प्रस्तुत लेखात कावागोएच्या ऐतिहासिक वस्तीचे स्वरूप, एका दिवसाच्या सहलीत कुटुंबाला तेथे काय पाहावयास मिळते आणि जे दिसते ते टिकवून ठेवण्यामागे कोणते निर्णय आहेत, याचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कावागोएच्या किल्ल्याची उभारणी १४५७ मध्ये ओता दोशिन व ओता दोकान या पितापुत्रांनी केली. याच दोकानने त्याच सुमारास एदोचा किल्लाही बांधला. १६०३ मध्ये तोकुगावा शोगुनांची सत्ता एदो येथे स्थापन झाल्यावर राजधानीच्या वायव्येस असलेल्या या गावाला संरक्षणाच्या दृष्टीने मोठे महत्त्व आले. शोगुनाचे विश्वासू सरदार येथे नेमले जाऊ लागले. १६३८ मध्ये लागलेल्या मोठ्या आगीनंतर सरदार मात्सुदाइरा नोबुत्सुना याने गावाची नव्याने आखणी केली. आजच्या जुन्या वस्तीतील रस्त्यांचा सांगाडा मुख्यतः याच आखणीतून आलेला आहे.

कावागोए आणि एदो यांचा संबंध केवळ राजकीय नव्हता. शिंगाशी नदीतून नावांनी धान्य, लाकूड व भाजीपाला एदोला जात असे आणि परतताना त्याच नावांतून शहरी माल व शहरी रीतीभाती येत असत. या व्यापारात रताळ्याला विशेष स्थान होते. १७५१ मध्ये या परिसरात रताळ्याची लागवड सुरू झाली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस एदोमध्ये भाजलेल्या रताळ्यांची दुकाने वाढल्यावर कावागोएच्या रताळ्याला मोठी मागणी आली. त्यासंबंधीचा एक शाब्दिक विनोद आजही दुकानांच्या पाट्यांवर दिसतो. जपानीत ‘कुरी’ म्हणजे चेस्टनट. ‘कु’ म्हणजे नऊ आणि ‘री’ हे अंतराचे जुने माप असल्याने ‘कुरी’चा दुसरा अर्थ ‘नऊ री’ असाही होतो. ‘योरी’ म्हणजे ‘पेक्षा’. त्यातील ‘यो’चा अर्थ चार असल्यामुळे ‘चार री’ हा अर्थही त्यातून निघतो. नऊ आणि चार मिळून तेरा, म्हणून चेस्टनटपेक्षाही गोड अशा रताळ्याचे नाव ‘तेरा री’ पडले. एदो ते कावागोए हे अंतरही सुमारे तेरा री मानले जात असल्याने हा विनोद गावाशी कायमचा जोडला गेला. एका कंदमुळाच्या नावात हिशोब, भूगोल आणि जाहिरात अशा तीन गोष्टी एकत्र आल्याचे हे मनोरंजक उदाहरण होय.

आगीतून घडलेली वास्तुशैली

कावागोएची ओळख बनलेल्या काळ्या, जाड भिंतींच्या दुकानांना ‘कुराझुकुरी’ म्हणतात. ‘कुरा’ म्हणजे कोठार. मौल्यवान माल आगीपासून सुरक्षित ठेवण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या मातीच्या कोठाराचे तंत्र येथे दुकान आणि घर यांसाठी वापरले गेले आहे. लाकडी चौकटीवर बांबूचा ताटवा बांधून त्यावर मातीचे थरांमागून थर चढविले जातात. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा थर देता येत असल्याने बांधकामाला दीर्घ काळ लागतो. शेवटी चुन्याचा गिलावा करतात. कावागोएमध्ये त्यात काजळी मिसळून त्याला काळा रंग दिला जातो. वरच्या मजल्यावरील खिडक्यांना तिजोरीच्या दारासारखी पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा असलेली मातीची जाड दारे असतात. ती मिटली असता एका दाराच्या पायऱ्या दुसऱ्या दाराच्या खाचांत बसतात आणि आग आत शिरण्यास फट राहत नाही.

ही शैली येथे इतक्या मोठ्या प्रमाणावर का आली, याचे उत्तर १८९३ सालच्या मार्च महिन्यातील आगीत आहे. या आगीत १३०० हून अधिक घरे, म्हणजे गावाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग भस्मसात झाला. तथापि, मातीच्या भिंतींच्या काही इमारती वाचल्या. १७९२ मध्ये बांधलेले ओसावा कुटुंबाचे दुकान हे त्यांपैकी सर्वांत ठळक उदाहरण असून आज ते राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून संरक्षित आहे. व्यापाऱ्यांनी हा धडा घेतला. लाकडाची दुकाने पुन्हा स्वस्तात उभी करण्याऐवजी त्यांनी अधिक खर्च करून मातीची दुकाने बांधली. त्या काळी टोकियोच्या निहोनबाशी भागात अशाच काळ्या दुकानांची प्रतिष्ठा होती. त्यामुळे सुरक्षिततेबरोबरच राजधानीच्या अभिरुचीचे अनुकरण हाही त्यामागील हेतू होता.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. एदो या शहराचे नाव टोकियो झाले ते १८६८ मध्ये. म्हणजे ज्या दुकानांमुळे कावागोएला ‘छोटे एदो’ म्हटले जाते, त्यांपैकी बहुतेक दुकाने एदो काळ संपल्यानंतर पंचवीस वर्षांनी बांधली गेली. मेइजी काळातील टोकियोत दिसणारी अशी दुकाने पुढे १९२३ चा भूकंप आणि १९४५ मधील बाँबहल्ले यांत जवळजवळ नष्ट झाली. त्यामुळे राजधानीत जे हरवले ते पाहण्यासाठी राजधानीतील लोक कावागोएला येऊ लागले. ‘छोटे एदो’ हे नाव कालगणनेच्या दृष्टीने काटेकोर नसले तरी एका हरवलेल्या शहराची आठवण जपणारे गाव या अर्थाने ते सार्थ ठरते.

एका दिवसाची वाट

कुटुंबाच्या सहलीचा प्रारंभ बहुधा रेल्वे स्थानकापासून पायी होतो. स्थानकाजवळची आधुनिक दुकाने मागे टाकत उत्तरेकडे चालत गेल्यावर इचिबान्गाई हा जुन्या वस्तीचा मुख्य रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना काळी दुकाने, त्यांच्या छपरांची अवजड कौले आणि आढ्याच्या टोकांवरील मोठ्या नक्षीदार कौलांची रांग दिसते. मध्येच १९१८ मध्ये बांधलेली, हिरव्या घुमटाची जुनी बँकेची इमारत येते. पाश्चात्त्य पद्धतीची ही इमारत मातीच्या दुकानांच्या रांगेत विसंगत वाटत नाही, कारण तीही त्याच व्यापारी संपन्नतेची साक्ष आहे.

रस्त्यापासून जवळच ‘तोकि नो काने’ म्हणजे ‘वेळेची घंटा’ हा सुमारे १६ मीटर उंचीचा तीनमजली लाकडी मनोरा आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सरदार साकाई तादाकात्सु याच्या काळात येथे घंटेची योजना झाली. सध्याचा मनोरा १८९३ च्या आगीनंतर उभारलेला आहे. घरे जळालेली असतानाही गावाने वेळ सांगणारी घंटा तत्परतेने पुन्हा उभी केली, यातून सामूहिक जीवनातील तिचे स्थान लक्षात येते. ही घंटा दिवसातून चार वेळा, सकाळी सहा, दुपारी बारा, तीन व सायंकाळी सहा वाजता वाजते. १९९६ मध्ये जपानच्या पर्यावरण संस्थेने जतन करण्यायोग्य शंभर ध्वनिदृश्यांची यादी केली, तीत या घंटानादाचा समावेश झाला. वारसा म्हणून इमारतीबरोबर आवाजाचीही नोंद घेण्याची ही दृष्टी उल्लेखनीय आहे.

मुलांचे सर्वाधिक आकर्षण म्हणजे ‘काशिया योकोचो’, अर्थात मिठाईची गल्ली. मेइजी काळाच्या आरंभापासून येथे साध्या, स्वस्त मिठाया बनू लागल्या. १९२३ च्या भूकंपात टोकियोतील कारखाने नष्ट झाल्यावर तेथील मागणी कावागोएकडे वळली आणि पुढील काळात या गल्लीत सुमारे सत्तर दुकाने झाली. आज त्यांची संख्या वीसच्या आसपास आहे. रंगीत साखरेच्या गोळ्या, रताळ्याचे काप आणि काळ्या साखरेचा लेप दिलेली, जवळजवळ एक मीटर लांबीची हलकी कांडी ही येथील वैशिष्ट्ये. २००१ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने शंभर सुगंधदृश्यांची यादी केली, तीत या गल्लीचा समावेश आहे. आजी-आजोबांना येथे आपल्या बालपणीची मिठाई सापडते आणि नातवंडांना ती प्रथमच चाखायला मिळते. पिढ्यांमधील संवादासाठी यापेक्षा सोपे निमित्त क्वचितच मिळेल. मात्र २०१५ च्या जून महिन्यात याच गल्लीत आग लागून काही इमारतींचे नुकसान झाले. आगीतून घडलेल्या या गावाला आगीचे भय अजूनही संपलेले नाही, याची ही आठवण होती.

दुपारनंतर अनेक कुटुंबे किताइन या बौद्ध मंदिराकडे वळतात. १६३८ च्या आगीत मंदिर जळाल्यावर तिसरा शोगुन इएमित्सु याच्या आज्ञेने एदोच्या किल्ल्यातील काही वास्तू येथे हलविण्यात आल्या. इएमित्सुचा जन्म झाला असे मानले जाणारे दालन त्यांतच आहे. एदोच्या किल्ल्यातील मूळ महाल पुढे आगीत व अन्य आपत्तींत नष्ट झाले. त्यामुळे राजधानीतील राजवाड्याचा अंश आज कावागोएतच पाहावा लागतो. मंदिराच्या आवारात १७८२ ते १८२५ या काळात घडविलेल्या पाचशेहून अधिक अर्हतांच्या दगडी मूर्ती आहेत. कोणी हसतो, कोणी रडतो, कोणी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो. प्रत्येक मूर्तीचा चेहरा निराळा असल्याने मुले त्यांत ओळखीचे चेहरे शोधतात. हिकावा देवस्थानात भविष्याची चिठ्ठी पोटात असलेला छोटा मासा गळाने पकडून घेण्याची पद्धत आहे, तीही मुलांना आवडते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी भरणारा कावागोए उत्सव याच देवस्थानाशी निगडित आहे. १६४८ पासूनची परंपरा सांगणारा हा रथांचा उत्सव २०१६ मध्ये जपानमधील अन्य ३२ उत्सवांसह युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला.

जतनाची चळवळ : लोक, नियम व कायदा

सहलीत दिसणारे हे दृश्य आपोआप टिकलेले नाही. विसाव्या शतकात रेल्वे स्थानकांच्या परिसरात नवी बाजारपेठ वाढली आणि उत्तरेकडील जुना रस्ता मागे पडला. या उपेक्षेमुळे जुनी दुकाने पाडली जाण्यापासून काही काळ वाचली. परंतु गिऱ्हाईकच नसेल तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न दुकानदारांपुढे होता. १९७० च्या दशकात जुन्या वस्तीलगत उंच निवासी इमारती येऊ लागल्या आणि हा धोका सर्वांच्या लक्षात आला.

याच काळात राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाचा बदल घडला. १९५० च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्यात १९७५ मध्ये दुरुस्ती होऊन सुट्या वास्तूंऐवजी पारंपरिक वास्तूंचा संपूर्ण समूह संरक्षित करण्याची तरतूद झाली. या तरतुदीत स्थानिक नगरपालिका प्रथम स्वतःच्या नियमाने क्षेत्र ठरविते आणि नंतर राष्ट्रीय शासन त्याची निवड करते. १९७६ मध्ये त्सुमागो, शिराकावा, क्योतोतील गिओन-शिंबाशी आदी सात क्षेत्रे प्रथम निवडली गेली. आज अशा क्षेत्रांची संख्या १२० हून अधिक आहे. कावागोएचे सर्वेक्षणही १९७५ मध्येच झाले होते. तरीही त्याची निवड व्हायला १९९९ साल उजाडले.

या चोवीस वर्षांचा अर्थ समजून घेणे हाच या विषयाचा गाभा आहे. रहिवाशांना आपल्याच घरावर बंधने येतील, व्यापार खुंटेल अशी भीती होती. शिवाय मुख्य रस्ता रुंद करण्याची जुनी नगररचना योजना कागदोपत्री कायम होती. ती अमलात आली असती तर दुकानांचे दर्शनी भागच नाहीसे झाले असते. अशा स्थितीत कायदा वरून लादला असता तर विरोध वाढला असता. कावागोएने वेगळा मार्ग स्वीकारला. १९८३ मध्ये दुकानदार, वास्तुरचनाकार, नगरपालिकेचे कर्मचारी व अभ्यासक यांनी ‘कुरा नो काई’ ही संस्था स्थापन केली. व्यापार जिवंत राहिला तरच इमारती जिवंत राहतील, ही तिची भूमिका होती. १९८७ मध्ये रस्त्यावरील रहिवाशांची समिती बनली आणि १९८८ मध्ये तिने ६७ निकषांची एक संहिता स्वीकारली. वास्तुविचारवंत ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या ‘पॅटर्न’ संकल्पनेचा तिच्यावर प्रभाव आहे.

ही संहिता ‘असेच बांधा’ असा एकच नमुना देत नाही, तर शेजाऱ्याशी सुसंगत कसे बांधावे हे सांगते. तिच्यातील ‘चार केन’चा नियम उदाहरणादाखल पाहता येईल. एक केन म्हणजे सुमारे १.८ मीटर. रस्त्यालगतची इमारत चार केन खोल असावी, तिच्यामागे चार केन मोकळी जागा सोडावी आणि त्यानंतर पुन्हा बांधकाम करावे, असे हे सूत्र आहे. सर्व शेजाऱ्यांनी ते पाळले तर मागील अंगणे एका ओळीत येतात आणि प्रत्येक घराला उजेड व वारा मिळतो. कोणी एकाने ते मोडले तर त्याला जागा मिळते, पण शेजाऱ्याचा सूर्यप्रकाश जातो. नियमाचे कारण असे समजण्याजोगे असल्यामुळे तो पाळणे ही सक्ती न वाटता शेजारधर्म वाटू लागतो.

नवे बांधकाम करू इच्छिणारा मालक आपला आराखडा समितीपुढे मांडतो आणि चर्चेतून त्यात बदल सुचविले जातात. १९९२ मध्ये मुख्य रस्त्यावरील विजेच्या तारा भूमिगत झाल्या आणि काळी छपरे आकाशाच्या पार्श्वभूमीवर प्रथमच मोकळी दिसू लागली. रस्तारुंदीची योजना बदलल्यानंतर १९९९ मध्ये सुमारे ७.८ हेक्टर क्षेत्राची राष्ट्रीय पातळीवर निवड झाली. तोपर्यंत कायद्याने जे मागितले असते त्यातील बराच भाग रहिवासी स्वेच्छेने पाळत होते. त्यामुळे या प्रकरणी कायदा प्रारंभी न येता शेवटी आला, असे म्हणता येते.

यशातून उद्भवलेले प्रश्न

२००९ मध्ये कावागोएच्या पार्श्वभूमीवरील एक दूरचित्रवाणी मालिका राष्ट्रीय वाहिनीवरून प्रसारित झाली आणि पर्यटकांची संख्या वाढली. २०१९ मध्ये ही संख्या ७० लाखांहून अधिक होती. शहराची लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख आहे, हे लक्षात घेतल्यास त्या संख्येचा भार समजतो. मुख्य रस्ता हा वाहतुकीचाही रस्ता असल्याने अरुंद पदपथावरील गर्दी आणि वाहने यांचा संघर्ष होतो. चालत-चालत खाण्याच्या पदार्थांमुळे कचरा वाढतो. दैनंदिन गरजेच्या वस्तूंच्या दुकानांपेक्षा पर्यटकांसाठीची खाद्यपदार्थांची दुकाने अधिक फायदेशीर ठरतात. पर्यटक एकच दिवस थांबत असल्याने त्यांची गर्दी आणि त्यांच्याकडून होणारा खर्च यांचे प्रमाणही सम राहत नाही.

हा प्रश्न केवळ व्यवस्थापनाचा नाही. ‘कुरा नो काई’ची मूळ भूमिका व्यापारातून जतन अशी होती. परंतु तो व्यापार गावकऱ्यांसाठी होता की पाहुण्यांसाठी, हा भेद त्या वेळी फारसा निकडीचा नव्हता. आज तोच निर्णायक झाला आहे. इमारत टिकली पण तिच्यात राहणारे कुटुंब निघून गेले, तर दर्शनी भाग उरतो आणि वस्ती संपते. पाहुण्या कुटुंबाला येथे जे हवे असते, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले जिवंत दैनंदिन जीवन, तेच त्याच्यासारख्या लाखो कुटुंबांच्या येण्याने क्षीण होऊ शकते. हा पेच टाळता येणारा नाही. त्याची जाणीव ठेवूनच वाट काढावी लागते.

समारोप

कावागोएच्या उदाहरणावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट म्हणजे वारसा हा केवळ वयाचा परिणाम नसतो. १८९३ मध्ये राखेवर उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांनी पुढच्या आगीचा विचार करून महाग पण टिकाऊ बांधकाम निवडले आणि जवळजवळ शतकानंतर त्यांच्या वारसांनी ६७ निकष स्वीकारून ते बांधकाम टिकविले. हे दोन्ही निर्णय आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी घेतलेले होते. दुसरी गोष्ट अशी की, जतनाचा कायदा स्थानिक संमतीच्या मागून आला तर तो अधिक दृढ होतो. चोवीस वर्षांचा विलंब येथे अपयश न ठरता पूर्वतयारी ठरला. तिसरी गोष्ट पाहुण्यांसंबंधी आहे. एका दिवसाच्या सहलीत मुलाच्या हाती मिठाईची कांडी येते, कानी दुपारी तीनची घंटा पडते आणि दगडी मूर्तींत ओळखीचा चेहरा सापडतो. या अनुभवांबरोबरच ही घरे कोणाची आहेत, ती काळी का आहेत आणि ती अजून उभी का आहेत, एवढे तीन प्रश्न त्याला पडले तर त्या सहलीचे शैक्षणिक मूल्य कितीतरी वाढते. या प्रश्नांची उत्तरे घरातील मोठ्यांना देता यावीत, यासाठी इतिहास, वास्तुशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र या विषयांच्या अभ्यासकांनी ऐतिहासिक वस्तीकडे एकत्रितपणे पाहणे गरजेचे आहे.